तीन बोटांचं पिल्लू

कोजागिरी चार दिवसांवर आली आणि कमलाने मनाशी ठरवून टाकलं, की आता या घरात एक तर बोका राहील, नाहीतर आपण. आपण जाणं शक्य नव्हतं, कारण कोजागिरीला आळीतल्या चाळीस बायका दुधाला तिच्याकडेच यायच्या होत्या. तेव्हा बोक्यालाच जायला हवं होतं.

बोक्याचं नाव रावजी. नाव सासूबाईंनी, म्हणजे आनंदीबाईंनी ठेवलेलं. खांबेट्यांच्या त्या घरात कमला नवऱ्याला ‘अहो’ म्हणे आणि आनंदीबाई बोक्याला. सून सोळा वर्षं नांदली तरी ‘गो’च होती. रावजी मात्र परसातून आत आले, की “आलांत? या, बसा,” असं स्वागत व्हायचं.

तशी कमला कोणाच्या वाईटावर नसायची. पण रावजींनी काय बाकी ठेवलं होतं? काशी कोळणीच्या टोपलीतलं बांगड्याचं डोकं त्यांनी थेट देवघरात आणून बाळकृष्णापुढे ठेवलं होतं. काशीच्याच उंदराच्या चापात उजव्या पायाचं एक बोट गमावलं, तेव्हा आनंदीबाईंनी पंधरा दिवस हळद लावून पाय शेकला होता. आणि गेल्या कोजागिरीला तर कहर झाला. आटवलेल्या दुधावरचं केशर रावजींनी सगळ्यांच्या आधी चाखलं, तेही चाळीस जणींच्या देखत. बायका “असू दे हो, मुकं जनावर” म्हणाल्या आणि एकेकीला घरची कामं आठवली. पाच लिटर दूध माडाच्या मुळाशी गेलं. त्यानंतर वर्षभर आळीत कोणी कमलाला चहा दिला, की वर विचारायचं, “दूध आमच्याकडचंच घातलंय हो, चालेल ना?”

यंदा तसं होऊन चालणार नव्हतं. आणि नेमकी संधी चालून आली.

त्या साली, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, जंगल खात्याने वन्यजीव सप्ताहात शाळांमधून निबंध मागवले होते. कमलाच्या राहीचा पहिला नंबर आला. राही अकरा वर्षांची, दिसेल ते वहीत टिपून ठेवणारी. बक्षीस काय, तर रविवारी अख्ख्या कुटुंबाने खात्याच्या जीपमधून देवरूखच्या पलीकडच्या डोंगरात जायचं आणि जनावरांचा माग कसा काढतात ते खुद्द रेंजरसाहेबांकडून शिकायचं. राही हरखली. तिचे वडील गोपाळकृष्ण शाळेत विज्ञान शिकवत, ते तिच्याहून हरखले. आणि कमलाच्या डोळ्यांपुढे रत्नागिरीपासून चाळीस मैलांवरचं घनदाट जंगल उभं राहिलं. मांजर नदीपलीकडे सोडलं तर परत येतं, हे तिने ऐकलं होतं. चाळीस मैलांवरून कोण येतो?

रविवारी सकाळी तिने स्वतःच्या हाताने रावजींना वाटीभर दूध दिलं, वर बोटभर साय. पोट भरलं की रावजींना शेजारी तोफ डागली तरी ऐकू येत नसे. ते कलंडले, तसं तिने त्यांना अलगद उचलून चेनच्या कॅनव्हासच्या पिशवीत घातलं. हवेला म्हणून चेन चार बोटं उघडी ठेवली आणि वरून पंचा टाकला.

“पिशवीत काय गो?” आनंदीबाईंनी मागून विचारलं.

“स... सतरंजी, आई. बसायला नको का?”

“हवी तर. बरीच जड दिसत्ये.”

“जाड आहे ना.”

आनंदीबाई क्षणभर पिशवीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “थांबा रे पाच मिनिटं. राखणदाराचा घास राहिला माझा.” आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या. रानात पाय ठेवायचा तर तिथल्या हद्दीच्या देवाला, राखणदाराला, वळणावळणावर भाताचा घास ठेवत जायचं, ही कोकणातली जुनी रीत. येताना त्यांच्या हातात पितळेचा मोठा डबा होता.

“आई, अगं आपण शास्त्रीय सहलीला चाललोय,” गोपाळकृष्ण कळवळून म्हणाले.

“मग राखणदार काय अशास्त्रीय आहे?” म्हणत आनंदीबाई जीपमध्ये चढल्यासुद्धा. अडुसष्ट वर्षांची बाई, पण जीपच्या मागच्या बाकावर अशी बसली, की जणू जन्मभर जीपमधूनच हिंडली आहे.

पुढे ड्रायव्हर बाबल्या, शेजारी गोपाळकृष्ण, आणि कडेला रेंजरसाहेब. रेंजरसाहेबांचं नाव महिपत शिर्के, मूळचे चिपळूणचे. मिशी टोकदार, खाकी कपड्यांना अशी इस्त्री की घडीने बोट कापावं. मागे आनंदीबाई, राही आणि मांडीवर पिशवी घेऊन कमला. हातखंबा येईपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढे घाटातली वळणं लागली, जीप पाळण्यासारखी हलू लागली आणि पिशवीतून आवाज आला, “घुर्रर... घुर्रर...”

बाबल्याने कान टवकारले. “सायेब, इंजान वाजतंय.”

“इंजिन वाजणारच की.”

“तसं नाय. घुरघुर करतंय.”

जीप थांबली. पाळणा थांबताच रावजीही गप्प झाले. बाबल्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं, काढलं. काही नाही. पुन्हा जीप सुरू झाली, पुन्हा घुरघुर. नाणीजच्या अलीकडे बाबल्या परत उतरला.

“गाडी चालते तवा वाजतं, थांबली की गप,” कपाळाचा घाम पुसत तो म्हणाला. “सायेब, हे आतलं दुखनं हाय.”

“सायलेन्सर असेल,” विज्ञानाचे मास्तर म्हणाले.

“इंजिन म्हातारं झालं असेल,” आनंदीबाई म्हणाल्या. “माझ्याही छातीत असंच वाजतं हो. चला तुम्ही, पोचेल ते.”

कमलाने सासूबाईंकडे इतक्या कृतज्ञतेने कधीच पाहिलं नव्हतं.

जीपचा रस्ता संपला तिथून पायवाट लागली. पाऊस नुकताच सरलेला, कातळावरचं गवत पिवळं पडू लागलेलं, खाली ओढ्याच्या काठाचा चिखल मात्र अजून लोण्यासारखा मऊ. रेंजरसाहेबांनी छडी उगारली आणि शिकवणी सुरू झाली. हा भेकराचा खूर. हे रानडुकराने उकरलेलं. हा मुंगुसाचा बारीक पाय. राही वहीत भराभर चित्रं काढत होती, गोपाळकृष्ण पट्टी लावून मापं घेत होते.

“आता मुख्य गोष्ट,” साहेब म्हणाले. “कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या पावलात नखं उमटतात. वाघ, बिबट्या, ही सगळी मार्जार कुळी. ती नखं आत ओढून चालतात. म्हणजे पाऊल गोल, पण नखं नाहीत. नखं नाहीत तर काय?”

“मार्जार कुळी!” राही ओरडली.

“शाब्बास. बोटं किती?”

“चार!”

“आता पुढचं. पाऊल मोठं तर मादी किंवा नर. पाऊल लहान तर?”

“पिल्लू!”

“आणि जिथं पिल्लू, तिथून पन्नास पावलांत त्याची आई. हे ज्याला कळलं तो जंगलातून परत आला. सर, लिहून घ्या.”

गोपाळकृष्णांनी लिहून घेतलं. आनंदीबाईंनी तोवर दोन वळणांवर दोन पानं मांडून वर भाताचे दोन गोळे ठेवले होते. त्याच वेळी पिशवीत जराशी हालचाल झाली आणि कमलाला दरदरून घाम फुटला.

“मी आलेच हं,” ती म्हणाली. बाईमाणूस “आलेच” म्हणालं की कुठे, का, असं विचारायचं नसतं. साहेबांनी अदबीने दुसऱ्या दिशेच्या झाडाचं नाव सांगायला घेतलं.

कमला करवंदीच्या जाळीमागे गेली. मांजर सोडण्याचे दोन नियम तिला माहेरपासून ठाऊक होते. एक, सोडायच्या आधी पिशवी सात वेळा गोल फिरवायची, म्हणजे त्याची दिशा चुकते. दोन, परतताना मागे वळून बघायचं नाही, बघितलं तर ते पाठोपाठ येतं. तिने दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरली आणि स्वतःभोवती गरागरा फिरू लागली. एक, दोन, तीन... सात झाले. पिशवी उघडली. रावजी बाहेर आले, पुढचे पाय ताणून त्यांनी एक प्रदीर्घ जांभई दिली आणि चिखलात नीट बसले. त्यांना काही झालं नव्हतं. कमलाला मात्र पाच झाडांच्या जागी पंधरा झाडं दिसत होती.

“रावजी,” तिला अचानक हुंदकाच आला, “इथं उंदीर भरपूर आहेत. सुखाने राहा. माझ्यावर राग धरू नका.”

आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्यांना अहोजाहो केलं होतं. मग मागे न बघता ती ताडताड निघाली, आणि बघितलं नाही म्हणूनच तिला कळलं नाही की ती ओढ्याकडे चालली आहे.

“वहिनी! अहो वहिनी, इकडे!” साहेब ओरडले. “तिकडे पाणी आहे!”

“आईला चक्कर आली का?” राहीने विचारलं.

“पित्त झालंय,” आनंदीबाई शांतपणे म्हणाल्या आणि तिसऱ्या पानावर घास ठेवला.

पुढे फर्लांगभर चालून एका सपाट जागी मंडळी जेवायला थांबली.

“सतरंजी काढ,” गोपाळकृष्ण म्हणाले.

कमलाने हातातल्या पिशवीकडे पाहिलं. ती चिमलेली होती. “अहो... राहिली वाटतं घरी.”

“घरी? मग सकाळपासून पिशवीत होतं काय?”

“पंचा.”

“नुसता पंचा? आणि जाड सतरंजी, जाड सतरंजी करून मला हातसुद्धा लावू दिला नाहीस!”

“गोपाळा, बस खाली,” आनंदीबाई म्हणाल्या. “गवत काय टोचतंय तुला?”

सगळे गवतावर बसले. थालीपीठ, लोणी, लसणीचं तिखट. कमला थालीपिठाचा तुकडा नुसताच मोडत बसली. लोण्याचा गोळा दिसला की तिला रावजी दिसत. पण पाठोपाठ कोजागिरीचं दूध दिसे, त्यावरचं अखंड केशर, चाळीस जणींचे तृप्त चेहरे. आणि मग थालीपीठ बरं लागे.

परतायला निघाले ते आल्या वाटेने. साहेब पुढे. दहा-वीस पावलं गेले नसतील, तोच त्यांनी एकदम हात वर केला.

“थांबा! कोणी हलू नका.”

वाटेवर सकाळच्या त्यांच्याच पावलांचे ठसे होते. गोपाळकृष्णांच्या सँडलच्या ठशावर, बरोबर मधोमध, एक छोटं गोल पाऊल उमटलं होतं. पुढे आणखी एक. पुढे आणखी.

साहेब गुडघ्यांवर बसले. “सर, बघा. आपल्या पावलांवर पाऊल. म्हणजे हे जनावर आपल्यानंतर आलं. म्हणजे आपल्या मागावर आहे.”

“नखं नाहीत,” राही वाकून म्हणाली.

“नखं नाहीत,” साहेबांचा आवाज खाली आला. “मार्जार कुळी. आणि पाऊल लहान.”

“पिल्लू!” बाप-लेक एकदम म्हणाले.

कमलाने रिकामी पिशवी पाठीमागे दडवली. बाकीचे मात्र झाडीकडे बघू लागले.

“आजींनी ठेवलेला घासही नाही,” राही म्हणाली. पानं चाटूनपुसून लख्ख झाली होती.

“राखणदाराने घेतला,” आनंदीबाईंनी हात जोडले.

“आजी, बिबट्याच्या पिल्लाने घेतला तो,” साहेब म्हणाले. मग ठशावर अगदी नाक टेकवून त्यांनी श्वास रोखला. “पण हे काय? उजव्या पावलाला बोटं तीनच! सर, हे जखमी पिल्लू आहे. सापळ्यात बोट तुटलंय. माझ्या हद्दीत शिकारी सापळे लावतायत आणि मला पत्ता नाही!”

आता मात्र कमलाला राहवेना. शिकारी काय, सापळे काय, उद्या पोलीसही येतील. सासूबाईंची नजर चुकवत ती चाचरत म्हणाली, “साहेब, मी म्हणते... एखादं साधं मांजर तर नसेल?”

साहेबांनी दयेने तिच्याकडे पाहिलं. “वहिनी, या डोंगरात दोन कोसांत घर नाही. मांजर येईल कुठून? एस.टी.ने?”

सगळे हसले. कमलाही हसली. दुसरं करणार काय?

“ठसा घेतलाच पाहिजे,” म्हणून साहेबांनी झोळीतून प्लास्टरची पुडी काढली, ओढ्याच्या पाण्यात कालवली आणि सगळ्यात स्पष्ट अशा तीन बोटी पावलात ओतली. “आता अर्धा तास. वाळेपर्यंत हलायचं नाही.”

“अर्धा तास?” बाबल्याच्या हातातला पाण्याचा डबा खडखडला. “सायेब, आनी त्याची माय? पन्नास पावलांत असते म्हनालांत ना?”

हे साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी चौफेर पाहिलं. “आवाज करत राहायचं. माणसांचा गलका असला की बिबट्या जवळ येत नाही.”

“कसला आवाज?” गोपाळकृष्णांनी कापऱ्या स्वरात विचारलं.

“कसलाही! पण सलग.”

सलग, तालात, सगळ्यांना पाठ असलेलं असं एकच काय असणार? आनंदीबाईंनी गणपतीची आरती सुरू केली. प्लास्टरभोवती पाठीला पाठ लावून सहा माणसं उभी राहिली. गोपाळकृष्णांनी थालीपिठाच्या डब्याचं झाकण वाजवायला घेतलं, बाबल्याने पाण्याच्या डब्यावर छडीचा ठोका धरला, साहेबांनी टोपी काढून टाळ्या वाजवल्या. गणपतीची झाली, शंकराची झाली, देवीची झाली. आरत्या संपल्या तरी प्लास्टर ओलंच. मग राहीने तेराचा पाढा घेतला. बाबल्याला पाढा येत नव्हता, तो नुसताच “आनी पुढं? आनी पुढं?” असं ओरडत होता. जंगलातल्या त्या जागी एवढा गलका आजवर झाला नसेल. पक्षी केव्हाच दुसऱ्या डोंगराला गेले होते.

कमला टाळ्या वाजवत एकच प्रार्थना करत होती. बिबट्या आला तरी चालेल, पण बोका नको.

एकोणिसाचा पाढा मध्यावर आला असताना राहीने श्वास घ्यायला उसंत घेतली, आणि नेमक्या त्या शांततेत मागच्या झुडपातून स्पष्ट, लांबलचक, तक्रारीचा आवाज आला,

“म्यांऽऽव!”

“पिल्लू आईला हाक मारतंय!” साहेब किंचाळले आणि ठसा उचकटून छातीशी धरत धावत सुटले. त्यांच्या पुढे बाबल्या होता. तो कधी पुढे गेला ते कोणालाच दिसलं नाही. गोपाळकृष्णांनी राहीचा हात धरला, कमलाने निऱ्या धरल्या. काटे, दगड, ओढा, काही न बघता सगळे जीपशी येऊन आदळले. साहेबांच्या पँटची इस्त्री आता कुठेच दिसत नव्हती.

“सगळे आले?” ते धापा टाकत म्हणाले.

“आजी!” राही ओरडली.

सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. गोपाळकृष्ण “आई!” म्हणून उलट धावणार, तोच कमला पुढे झाली. बिबट्या नाही हे तिला एकटीला ठाऊक होतं. पण दगड होते, शेवाळ होतं, अडुसष्ट वर्षांचे पाय होते. ‘देवा, ह्यांना काही झालं तर त्या बोक्याला मी जन्मभर रोज साय घालीन,’ असं म्हणत ती परत धावली.

वळणावर आनंदीबाई दिसल्या. पदर खोचून, एकेक पाऊल जपून टाकत, सावकाश येत होत्या. एका हातात पितळेचा रिकामा डबा आणि दुसऱ्या खांद्याला कमलाची कॅनव्हासची पिशवी.

“पिशवी विसरलीस गो,” त्या म्हणाल्या.

“आई! लागलं नाही ना? द्या ती इकडे.”

“राहू दे माझ्याकडे. तेरडा मिळाला पुष्कळ, मुळासकट घेतलाय, परसात लावीन. चुरगळशील तू.”

जीप परतीच्या वाटेला लागली. साहेब मांडीवर ठसा घेऊन तान्ह्या मुलासारखा जपत होते. नाणीजची वळणं लागली, जीप पाळण्यासारखी हलू लागली, आणि आवाज आला, “घुर्रर... घुर्रर...”

बाबल्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. “आलं परत!”

या वेळी कमलाचं मन स्वच्छ होतं. पिशवीत तेरडा होता. तिने खुशाल पुढे वाकून म्हटलं, “अहो, बघा ना जरा. खरंच काहीतरी बिघडलेलं असणार.”

“तरी मी म्हनत होतो!” बाबल्या म्हणाला आणि तिसऱ्यांदा बॉनेट उघडायला उतरला.

“पोचेल हो ते,” आनंदीबाईंनी पिशवी पोटाशी धरत डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमला अंगणात पाणी टाकायला गेली, तर तुळशीच्या कट्ट्यावर ऊन खात रावजी बसले होते. तिच्या हातातली कळशी सुटली.

“आई! अहो आई! रा... रावजी!”

“आहेत की. मग?” आनंदीबाई आतून म्हणाल्या.

मग काय, हे कमला कोणाला सांगणार? चाळीस मैल! एका रात्रीत! सात फेरे घालून! तिने भीतभीत रावजींच्या पायांकडे पाहिलं. ना धूळ, ना फोड. हा बोका नव्हे, हे काहीतरी दैवी आहे, याबद्दल तिची खात्री पटली. तिने आत जाऊन वाटीभर दूध आणलं, वर बोटभर साय घातली, आणि जानवशातल्या पाहुण्याला ठेवावी तशी अदबीने त्यांच्यापुढे ठेवली. नवस तर फेडायलाच हवा होता.

कोजागिरीच्या दिवशी सकाळी तिने दारापुढचं खळं शेणाने सारवलं. रात्री चाळीस जणी तिथेच बसायच्या होत्या. हात धुते न धुते, तोच फाटकाशी जीप थांबली. शिर्केसाहेब कडक इस्त्रीत उतरले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

“मास्तर, घाईत आहे. पण हा मान तुमचाच,” खळ्याच्या कडेने जपून येत, ओटीवर बसत ते म्हणाले आणि कागद सोडला. आत पांढरा शुभ्र, तीन बोटी ठसा. “एक वरच्या ऑफिसला रिपोर्टसकट पाठवला. चार पानी रिपोर्ट. जखमी पिल्लू, सापळे, सगळं. त्यावरून ही दुसरी प्रत काढली, तुमच्या राहीला. वरचे साहेब इतके खूश झालेत की सापळ्यांच्या शोधाला माझ्याबरोबर चार माणसं देतायत.”

“वा!” गोपाळकृष्ण म्हणाले.

कमलाने चहाचा कप पुढे केला आणि तिचा हात तसाच थांबला. साहेबांच्या मागे, माजघरातून, शेपटी सरळ उभी धरून रावजी बाहेर येत होते. कप साहेबांनीच तिच्या हातातून घेतला. रावजी ओटीच्या पायऱ्या उतरले, ओल्या सारवणावर पाय ठेवला, आणि कोणाची पर्वा न करता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत संथ चालत गेले. मागे हिरव्या खळ्यावर पावलांची सुरेख ओळ उठली.

राही धावली. निबंधात तिचा पहिला नंबर उगीच नव्हता आला. “काका! नखं नाहीत! मार्जार कुळी! पाऊल लहान! आणि... काका, उजव्या पायाला तीनच बोटं!”

 शिर्केसाहेबांनी खळ्याकडे पाहिलं. मग हातातल्या ठशाकडे. मग तुळशीच्या कट्ट्यावर बसून उजवा पंजा चाटणाऱ्या रावजींकडे. मग कमलाकडे, आनंदीबाईंकडे, फाटकाबाहेर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या बाबल्याकडे. त्यांच्या मिशीचं एक टोक हलू लागलं.

त्यांनी कप खाली ठेवला. बूट काढले. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. पायऱ्या उतरून ते खळ्यावर उकिडवे बसले आणि कमलाच्या बादलीतलं शेण घेऊन त्या पावलांवर, एकेक करत, सफाईने हात फिरवू लागले.

“वहिनी,” मान वर न करता ते म्हणाले, “सारवण इथं जरा खरखरीत राहिलं होतं.”

“हो ना,” कमला कशीबशी म्हणाली.

“राही, वहीतलं ते तीन बोटांचं पान मला देशील का? नोंदीला लागेल.”

राहीने पान फाडून दिलं. साहेबांनी ते चार घड्या करून खिशात घातलं, हात धुतले, चहा एका घोटात संपवला आणि आनंदीबाईंना वाकून नमस्कार केला. “येतो आजी. त्या चार माणसांना सांगतो, शोध घेऊन झाला म्हणून.”

जीप गेली. गोपाळकृष्ण राहीला घेऊन शाळेला गेले. जाताना ते “पण तीनच बोटं, योगायोग विलक्षण हं,” असं पुटपुटत होते. मास्तर विज्ञान शिकवत, पण माग काढणं त्यांचा विषय नव्हता.

ओटीवर दोघीच उरल्या. कमला ओठ चावत खाली बघत होती.

“आई, मी...”

“सतरंजी जाड होती,” आनंदीबाई म्हणाल्या, “पण शेपूट कोणत्या सतरंजीला असतं गो? पंच्याखालून बाहेर लोंबत होतं.”

“म्हणजे तुम्हाला सकाळीच...?”

“राखणदाराला दहीभात ठेवतात. तुझ्या सासरची रीत तुला सोळा वर्षांत कळू नये? मी ठेवला तो दूधभात. त्याच्या वासाने रावजींना आपली वाट सापडायला हवी ना! ते पाऊलसुद्धा चिखलात बघितलं नि मी ओळखलं. रोज सकाळी माझ्या सारवणावर उमटतं ते. तुमच्या त्या रेंजराला वीस वर्षांत एवढं येत नाही?”

“मग बोललांत का नाही? निघतानाच म्हणायचं होतंत!”

आनंदीबाईंनी रावजींकडे बघत पदराने चष्मा पुसला. “बोलले असते तर रडारड झाली असती, गोपाळा चिडला असता, नि सहल राहिली असती. अडुसष्ट वर्षांत हेदवीच्या गणपतीपलीकडे मला नेलंय कोणी? जीपमध्ये बसवलंय?” त्यांनी चष्मा नाकावर चढवला. “नि त्या शिर्क्याला धावताना बघायचं राहिलं असतं.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी आनंदीबाईंचा खांदा हलला. मग कमलाचा. मग ‘प्लास्टर’ असं दोघींपैकी कोणीतरी म्हणालं आणि दोघी ओटीच्या खांबाला धरून इतक्या हसल्या, की कुंपणापलीकडून काशीने विचारलं, “काय गो, काय झालां?”

दुपारी कमलाने पाच लिटर दूध आटवलं. साखर, वेलची, जायफळ, वर केशराच्या काड्या. पातेलं निवायला ठेवलं आणि झाकण घातलं. झाकण हलकं होतं. त्यावर ठेवायला वजनदार काहीतरी हवं म्हणून ती इकडेतिकडे बघू लागली, तर आनंदीबाईंनी ओटीवरून तो पांढरा ठसा आणून तिच्या हातात दिला.

“हा ठेव. चांगला शेरभर आहे.”

थोड्या वेळाने शेपटी उभारून रावजी आले. पातेल्याभोवती एक फेरी घातली. मागच्या पायांवर उभं राहून त्यांनी झाकणावर उजवा पंजा टेकवला, तो नेमका ठशाशेजारी. तीन बोटं नि तीन बोटं. रावजींनी ठशाचा वास घेतला, आपल्या जागी दुसराच बोका आणून बसवल्यासारखी दोघींकडे एक दुखावलेली नजर टाकली आणि उतरून काशीच्या घराकडे चालते झाले.